राष्ट्राभिमान, एका बाजूचा पेपर आणि मथळ्यात चढलेलं ‘मूळ रा.’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ तुमच्या वडिलांच्या नावावर दुसरा फ्लॅट आहे. तो नागालँडच्या दोन परिचारिकांना भाड्याने द्यायचं ठरलं होतं. सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी ‘चिनी दिसणारे लोक नकोत’ म्हणालं, दुसऱ्याने ‘आज हे, उद्या बांगलादेशी येतील’ अशी भर घातली, आणि वडील गप्प राहिले. हेच वडील स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन कधी चुकवत नाहीत. घरी अनेक वर्षं एकाच पक्षाची बाजू घेणारा पेपर येतो. तेव्हा तुम्ही विचारता : राष्ट्राभिमान आणि असे पक्षपाती पेपर मिळून समाजात वंशद्वेष वाढवतात का? आणि वाढवत असतील तर पेपर बंद करावा का?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पहिला समाजाचा आहे : कशाने काय वाढतं. दुसरा तुमच्या घरचा आहे : वडील त्या दिवशी गप्प का राहिले. पहिल्याचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते तसं का आहे हे खाली सांगतो. दुसऱ्याबाबत मात्र हातात घेऊन करण्यासारख्या गोष्टी आहेत. माझं काम पेपरच्या डेस्कवर बातम्या तपासण्याचं आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना मथळे शिकवण्याचं, त्यामुळे पेपरबद्दल जरा लांबण लागेल.

माझं मत असं. अभिमानातून थेट वंशद्वेष निपजत नाही आणि पेपरने पक्षाची बाजू घेतल्यानेही निपजत नाही. एका माणसाचं कृत्य त्याच्या सगळ्या समूहाच्या खात्यावर टाकायची जी सवय असते, त्या सवयीतून तो निपजतो. संकुचित अभिमान त्या सवयीला सबब पुरवतो आणि पेपर तिचा रोज सकाळी सराव करून घेतो. म्हणून नजर ठेवायची ती त्या सवयीवर.

‘वंशद्वेष’ म्हटलं की आपल्याकडे गोरे आणि काळे एवढंच डोळ्यांपुढे येतं. आपल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात भेदभावाला मनाई करताना धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान असे पाच शब्द एका ओळीत आले आहेत. वंशभेदाविरुद्धच्या १९६५च्या आंतरराष्ट्रीय कराराने वंश, वर्ण, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ या सगळ्यांना एकाच व्याख्येत घेतलं, आणि १९६८मध्ये भारताने तो मान्य केला. चेहरेपट्टीवरून नागा मुलीला चिनी ठरवणं, बोलीवरून बिहारी कामगाराला चोर धरणं, आडनाव कळताच पारध्याला टोळीवाला म्हणणं, यांत फरक जरूर आहेत, पण मागची सवय एकच. पारध्यांसारख्या जमातींना इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला, तरी ‘पारधी टोळी’ हा शब्दप्रयोग मथळ्यांतून गेलेला नाही.

आता अभिमानाकडे येऊ. अभ्यासक गेली अनेक वर्षं दोन प्रकारचे अभिमान वेगळे मोजत आले आहेत. एकात माणूस ‘माझा देश मला प्रिय आहे’ म्हणतो. दुसऱ्यात ‘माझा देश इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे आणि देशातही खरे लोक कोण ते मी ठरवणार’ असं म्हणतो. परक्यांबद्दलच्या द्वेषाशी दुसऱ्याचं नातं ठळक दिसतं. पहिल्याचं फारसं दिसत नाही, काही ठिकाणी तर उलटच दिसतं. आफ्रिकेतल्या अनेक देशांत राष्ट्रीय फुटबॉल संघ महत्त्वाचा सामना जिंकल्यानंतरच्या दिवसांत लोक स्वतःची ओळख जमातीपेक्षा देशाने जास्त सांगू लागले आणि दुसऱ्या जमातींवर जास्त विश्वास टाकू लागले, असं पाहणीत आढळलं आहे. म्हणजे अभिमान घराचं दार उघडूही शकतो.

अभिमान यांतला कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. जिंकल्याच्या दिवशी सगळेच आपले असतात, म्हणून हरल्याच्या दिवशी पाहायचं. जुलै २०२१मध्ये युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंड पेनल्टीवर हरलं, आणि ज्यांच्या पेनल्टी हुकल्या त्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर त्याच रात्री वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आपला महिला हॉकी संघ हरला, आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ झाली. याच मुलीने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. हरल्याच्या दिवशी ज्याचं आपलेपण काढून घेतलं जातं, तो त्या अभिमानात कधी मनापासून धरलेलाच नव्हता.

नाशिकच्या माणसाला यासाठी इंग्लंडला जायची गरज नाही. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला. गांधीजींची दांडीयात्रा निघाली १२ मार्चला. देशभर राष्ट्राभिमान उसळत होता तेच हे दिवस, आणि त्याच दिवसांत गोदाकाठी बाबासाहेबांच्या आणि दादासाहेब गायकवाडांच्या सत्याग्रहींसमोर देवळाचं दार बंद होतं. पाच वर्षं ते उघडलं नाही. तेव्हा ‘देशप्रेम वाढलं की भेद आपोआप मिटतील’ हे खरं नाही, आणि ‘देशप्रेमच भेदाचं मूळ आहे’ हेही नाही. राष्ट्र या शब्दात कोण कोण धरलं आहे, एवढाच प्रश्न असतो. नाशिकरोडच्या छापखान्यात निघणाऱ्या नोटेवर हिंदी-इंग्रजी धरून १७ भाषा छापलेल्या असतात. राष्ट्राची ती व्याख्या आपल्याच गावात रोज छापली जाते, हे विसरू नये असं मला वाटतं.

आता पेपर. ‘पक्षपाती’ हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात, पण मराठी पत्रकारिता मतपत्रं म्हणूनच वाढली. १८७७मध्ये निघालेला सत्यशोधक चळवळीचा ‘दीनबंधु’ एका बाजूचा होता. ३१ जानेवारी १९२०ला निघालेला बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ तर उघड एका बाजूचा होता, आणि ती बाजू घेतली म्हणूनच ज्यांना कोणी छापत नव्हतं त्यांचं म्हणणं छापलं गेलं. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता, हेही याच इतिहासात आहे. म्हणून पेपर कोणत्या बाजूचा आहे यावरून त्याचा निकाल लावू नका. अग्रलेखात बाजू असणं हा त्याचा हक्क आहे. चौथ्या पानावर स्वतःच्या सहीने मांडलेलं मत वाचकाला मत म्हणूनच कळतं. बिघडतं ते बातमीच्या पानावर, जिथे बाजू मताच्या रूपात न येता शब्दांच्या निवडीत लपून येते.

हे कसं घडतं ते पायरीपायरीने सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ही साखळी दिसत नाही. मोबाइल हिसकावल्याचा गुन्हा दाखल होतो. पोलिसांच्या कागदात आरोपीचा पत्ता दोन भागांत असतो : सध्या राहणार अंबड, मूळ रा. अमुक जिल्हा, उत्तर प्रदेश. ‘मूळ रा.’ ही ओळ तपासाच्या सोयीसाठी असते, म्हणजे जामिनावर सुटलेला माणूस सापडला नाही तर कुठे शोधायचा हे कळावं म्हणून. आरोपी नाशिक जिल्ह्यातल्याच निफाडचा किंवा सिन्नरचा असला तरी तीच ओळ असते. बातमीदार संध्याकाळी पाच-सहा ठाण्यांच्या नोंदी उतरवून घेतो, त्यात ती ओळही येते. रात्री डेस्कवर उपसंपादकासमोर दोन कॉलमची जागा असते, मथळ्याच्या एका ओळीत जेमतेम बारा-पंधरा अक्षरं बसतात, आणि पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असतात. ‘परप्रांतीय’ हा पाच अक्षरांचा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो. तो बसतोही आणि वाचकाचं लक्षही खेचतो. ‘मूळ रा.’ पोलिसांच्या कागदातून उठून मथळ्यात चढतं ते असं. आरोपी निफाडचा असेल तर मथळा होतो ‘मोबाइल हिसकावणारा अटकेत’, आणि निफाड तिसऱ्या ओळीत राहतं.

यात कोणी कट केलेला असावा लागत नाही. बहुतेक वेळा नसतोच. पण हे ३० दिवस, ३०० दिवस चाललं की वाचकाच्या डोक्यात एक खातं तयार होतं. त्या खात्यात परप्रांतीयांचे गुन्हे जमा होत जातात आणि निफाडकरांचे होत नाहीत, कारण ते त्या नावाखाली छापलेच जात नाहीत. पेपर उघड बाजूचा असेल, आणि परक्यांची भीती ही त्या बाजूची राजकीय गरज असेल, तर याच सोयीच्या शब्दाला धोरणाचं बळ मिळतं. मग तो बारीक बातमीतून पहिल्या पानावर येतो, त्याला चौकट मिळते, ‘लोंढे’, ‘विळखा’, ‘सुळसुळाट’ असे सोबती मिळतात. हे तिन्ही शब्द नीट पाहा. लोंढा पाण्याचा असतो, विळखा सापाचा, सुळसुळाट उंदरांचा किंवा झुरळांचा. माणसांबद्दलच्या बातमीत माणूस दाखवणारा एकही शब्द उरत नाही. आणि सिंहस्थाला हीच उत्तरेकडची माणसं लाखोंनी रामकुंडावर उतरतात, तेव्हा मथळा त्यांना ‘भाविक’ म्हणतो. शब्द बदलता येतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणखी दोन चुका वारंवार होतात. पहिली छेदाची, म्हणजे एकूण कितीपैकी ते न सांगण्याची. ‘अटक केलेल्यांत इतके परप्रांतीय’ असा आकडा छापतात, पण त्या वस्तीत किंवा त्या कामात मुळात परप्रांतीय किती हे छापत नाहीत. अंबड-सातपूरच्या एखाद्या भागात निम्मे तरुण कामगार बाहेरचे असतील, तर अटकेतही ते निम्म्याच्या आसपास दिसणार. गुन्ह्यांत तरुण पुरुषांचं प्रमाण सगळीकडेच जास्त असतं, आणि स्थलांतर करणाऱ्यांत तरुण पुरुषच जास्त असतात, त्यामुळे वयाचा हिशेब न करता केलेली तुलना फसवी ठरते. दुसरी चूक पाठपुराव्याची. संशयित म्हणून पकडल्याची बातमी चार कॉलम, पुराव्याअभावी सुटल्याची बातमी चार ओळी, किंवा तीही नाही. वाचकाच्या लेखी तो माणूस आणि त्याचा समूह कायमचा दोषी राहतो.

आता कार्यकारणाचा अवघड भाग. पेपर वाचून मत बनतं, की ज्याचं जे मत असतं तो तसाच पेपर घेतो? दोन्ही होतं, म्हणून नुसतं ‘हा पेपर वाचणारे जास्त द्वेष करतात’ एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण काही वेळा परिस्थितीच प्रयोग करून दाखवते. १९८९मध्ये इंग्लंडमध्ये हिल्सबरो मैदानावरच्या दुर्घटनेनंतर ‘द सन’ने लिव्हरपूलच्या चाहत्यांबद्दल खोटे आरोप छापले आणि त्या भागाने पेपरवर बहिष्कार टाकला, तो अनेक दशकं टिकला. बहिष्कार राजकारणातून आला नव्हता, म्हणूनच तो अभ्यासाला उपयोगी पडला. पेपर युरोपीय संघाच्या कडव्या विरोधातला होता. बहिष्कारानंतर त्या भागात युरोपविरोधी मत इतर तशाच भागांच्या तुलनेत घटलं, आणि जो कामगारवर्ग तो पेपर सर्वांत जास्त वाचायचा त्याच्यात ही घट ठळक होती. युरोपविरोध म्हणजे वंशद्वेष नव्हे, हे लक्षात असू द्या. पण वर्षानुवर्षं घरात येणारा पेपर मत हलवतो, एवढं यावरून दिसतं.

त्याच लिव्हरपूलची दुसरी बाजूही आहे. २०१७मध्ये मोहम्मद सालाह हा इजिप्तचा मुस्लिम खेळाडू तिथल्या संघात आला. नंतरच्या अभ्यासात त्या परिसरातले द्वेषमूलक गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी आढळले. संघाचा अभिमान तोच, शहरही तेच. त्या अभिमानात एक ‘परका’ आपला म्हणून गणला गेला, आणि त्याच्यासारखे दिसणारे इतरही थोडे आपले झाले.

टोकाचं उदाहरण रवांडाचं. तिथे १९९०मध्ये निघालेलं ‘कांगुरा’ हे नियतकालिक आणि १९९३मध्ये सुरू झालेलं ‘मिल कोलिन’ हे रेडिओ केंद्र तुत्सी या अल्पसंख्य समाजाला ‘झुरळं’ म्हणत होतं. १९९४मध्ये सुमारे १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३मध्ये त्या संपादक-चालकांना दोषी ठरवलं, पुढे अपिलात काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या. यात प्रसारमाध्यमांचा वाटा किती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. डोंगरामुळे रेडिओ कुठे ऐकू येत होता आणि कुठे नव्हता याची तुलना करून एकाने साधारण दहावा हिस्सा रेडिओच्या खात्यावर टाकला. दुसरे म्हणतात की गावातल्या पुढाऱ्याने दारात येऊन दिलेला हुकूम जास्त परिणामकारक होता. माझ्या मते दोघांचं म्हणणं एकत्र बसतं. शब्द जमीन भिजवून ठेवतो, पेरणी माणूस येऊन करतो. एप्रिल २०१५मध्ये ‘द सन’मधल्या एका स्तंभात स्थलांतरितांना ‘झुरळं’ म्हटलं गेलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी रवांडाचीच आठवण करून दिली होती, ती उगीच नव्हे.

मग नुसती कुजबुज कुठे थांबते आणि मारहाण कुठे सुरू होते? तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका असतो : आधीपासून मुरलेली भाषा, ‘आत्ता, आजच’ काहीतरी होणार अशी अफवा, आणि अधिकारातल्या लोकांचं मौन किंवा चिथावणी. फेब्रुवारी २००८मध्ये राज्यात उत्तर भारतीयांवर हल्ले झाले, तेव्हा नाशिकमधून हजारो कामगार परतीच्या गाड्यांत बसले आणि कारखान्यांना माणसं मिळेनात. ऑगस्ट २०१२मध्ये बंगळुरू-पुण्यातून ईशान्येकडचे हजारो लोक अफवेच्या संदेशांमुळे गावी पळाले. सरकारला काही दिवस एकगठ्ठा संदेश पाठवण्याची मर्यादा पाचवर आणावी लागली. १ जुलै २०१८ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या दिवशी लोकांनी पेपर वाचला नव्हता, मोबाइल पाहिला होता. पण भिक्षेकऱ्याचा वेष पाहून ‘टोळी’ हा शब्द क्षणात सुचला, तो कुठून तरी आधी शिकलेला होता. म्हणून ‘हल्ली पेपर कोण वाचतो’ हा युक्तिवाद मला पटत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात पेपरच्या मथळ्याचं कात्रण असलं की लोक त्यावर जास्त विश्वास ठेवतात.

आता तुमच्या घरचं. पेपर बंद करू नका. वडिलांचा वीस वर्षांचा पेपर तुम्ही बंद केलात तर तो त्यांचा अपमान होईल, आणि ते तोच मजकूर मोबाइलवर वाचतील, जिथे तो तुम्हाला दिसणारही नाही. त्याऐवजी महिनाभर त्या पेपरची मोजणी करा. जमलं तर वडिलांनाच सोबत घ्या.

एक शंभर पानी वही घ्या. फक्त पहिलं पान आणि शहराची पानं, ३० दिवस. गुन्ह्याच्या प्रत्येक बातमीला एक ओळ. रकाने असे : तारीख, पान, किती कॉलम, आरोपीचं मूळ किंवा जात-धर्म मथळ्यात आहे का, फक्त मजकुरात आहे का, ‘संशयित’ म्हटलं आहे की गुन्हेगार ठरवलं आहे, पोलिसांशिवाय दुसऱ्या कोणाचं म्हणणं आहे का, आणि ओळख बातमीला आवश्यक होती का. शेवटच्या रकान्यासाठी अदलाबदल करून पाहा. ‘परप्रांतीयाने मोबाइल हिसकावला’ याच्या जागी ‘निफाडकराने मोबाइल हिसकावला’ असं मोठ्याने वाचा. कानाला विचित्र वाटलं, तर ती ओळख तिथे गरजेची नव्हती. काही बातम्यांत ती गरजेची असतेच. फरार आरोपीच्या शोधाला पथक बिहारला गेलं, किंवा हल्ला भाषेवरूनच झाला, तर मूळ सांगितल्याशिवाय बातमी कळणार नाही. तिथे ‘आवश्यक’ अशीच खूण करा, नाहीतर मोजणी तुमच्या मताची होईल, पेपरची होणार नाही.

मोजताना नेमकं काय चुकतं तेही सांगतो. आठवड्यावर थांबू नका, कारण एखादं मोठं प्रकरण असेल तर सगळा आठवडा तेच दिसतं. एकच घटना पाच दिवस छापून आली तर ती एकदाच मोजा, आणि किती दिवस चालली हे बाजूला लिहा, कारण ती लांबीही बोलकी असते. किमान ४० वेगवेगळ्या बातम्या झाल्याशिवाय काही म्हणू नका. नंतर दोनच प्रमाणं काढा : बाहेरच्या आरोपींपैकी किती जणांचं मूळ मथळ्यात आलं, आणि जिल्ह्यातल्या आरोपींपैकी किती जणांचं गाव मथळ्यात आलं. दोन्ही जवळपास सारखी असतील तर तुमची शंका चुकीची, असं वडिलांसमोर कबूल करा. पहिलं प्रमाण दुसऱ्याच्या कितीतरी पट असेल तर वही त्यांच्या हातात द्या आणि काही बोलू नका. जमलं तर दुसऱ्या बाजूचा एक पेपरही महिनाभर घ्या आणि त्याचीही अशीच वही करा. त्या बाजूच्या पेपरांतही हेच दोष सापडतात, फक्त समूह वेगळा असतो. ते वडिलांना दिसलं की हा वाद ‘तुमचा पक्ष, आमचा पक्ष’ यात अडकत नाही.

एखादा मथळा खरोखर वाईट वाटला तर आधी संपादकाला लिहा. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि पत्ता छापलेला असतो, तिथे पाठवा. पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवा : तारीख, पान, मथळा जसाच्या तसा, काय आक्षेपार्ह आणि कोणता मथळा चालला असता. ती शेवटची ओळ बहुतेक पत्रांत नसते, आणि डेस्कवर उपयोग तिचाच होतो. प्रतिसाद मिळाला नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, कात्रण आणि संपादकाला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडून. कौन्सिलच्या आचारसंहितेत बदनामी होईल अशा संदर्भात जात किंवा समाज ओळखता येईल असं छापणं टाळावं, असं सांगितलेलं आहे. कौन्सिल ताकीद देते, नापसंती नोंदवते. दंड करू शकत नाही. समूहांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं, पण न्यायालयात खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते आणि नुसत्या वाईट मथळ्यासाठी ते हत्यार नाही. माझा सल्ला, तिकडे वळू नका. संपादकाला गेलेली दहा नेमकी पत्रं जास्त काम करतात.

वडिलांशी बोलताना त्यांच्या अभिमानावर घाव घालू नका. त्यालाच हाक मारा. ते जवानांबद्दल आदराने बोलत असतील तर त्यांना कॅप्टन केंगुरुसे यांच्याबद्दल सांगा. हे नागालँडचे. कारगिलच्या युद्धात जून १९९९मध्ये बर्फाळ कड्यावर बूट घसरत होते, म्हणून त्यांनी बूट काढले, अनवाणी वर चढले आणि लढताना धारातीर्थी पडले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांचा चेहराही त्या बैठकीत ‘चिनी’च ठरला असता. एवढंच सांगा. पुढचं वडील स्वतः जोडतील.

आणि फ्लॅटचं काम वही पूर्ण होईपर्यंत थांबवू नका, मुलींना घर आत्ता हवं आहे. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ लेखी कळवावं लागतं. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत सचिवांकडून घेऊन ते कलम आधी वाचा. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती द्या, दोन्हींच्या प्रती पत्राला जोडा. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी भोगवटेतर शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. पत्राची पोच शिक्का मारून घ्या. ‘चिनी’ या शब्दाचा पत्रात उल्लेख करू नका, भांडण तिथे नको. इतिवृत्तात नकार नोंदवायचा असेल तर कारण लेखी द्या, एवढंच विचारा. असं कारण कागदावर लिहायला सहसा कोणी तयार होत नाही. पत्रावर सही वडिलांची लागेल, कारण फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. शक्य असेल तर सचिवांच्या हातात ते पत्र त्यांनीच नेऊन द्यावं. त्या सोसायटीत त्यांचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा जड आहे.